लहान पोट, दोन जीव

"वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला दिवस राहिले आणि साखर वाढली, तर पहिलं औषध ताटातच शोधायला हवं," आहारतज्ज्ञ ठामपणे मांडते. "गरोदरपणातल्या मधुमेहावर आहार हाच जगभर पहिला उपचार मानला जातो. ऑस्ट्रेलियात हजार गरोदर बायकांवर केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. आहाराचा सल्ला, घरच्या घरी साखर मोजणं आणि गरज पडली तरच इन्सुलिन, एवढ्यावर बाळांमधल्या गंभीर गुंतागुंती ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आल्या. केंद्र सरकारच्या सूचनाही त्याच वाटेने जातात. निदान झालं की २ आठवडे आहार आणि हालचाल, आणि तरीही जेवणानंतर २ तासांनी साखर १२० किंवा वर राहिली तर औषध. शिवाय कर्जत-खालापुरात सामान दूर शोधावं लागत नाही. भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर येणारे वाल आहेत, उतारावरची नाचणी आणि वरी आहे, पावसाळ्यात ठाकर-कातकरी बायका बाजारात आणतात त्या रानभाज्या आहेत, सुका जवळा आहे. या अन्नाने साखर सांभाळता येते, आणि मी हे पूर्ण विश्वासाने सांगते."

तालुक्याच्या रुग्णालयात प्रसूती विभाग सांभाळणारी परिचारिका तिला पहिल्याच वळणावर अडवते.

"मॅडम, तुम्ही उपचारापासून सुरुवात केलीत. माझी अडचण त्याच्याही आधीची आहे. या बाईला मधुमेह आहे हे मला कळणार कसं? आमच्याकडे चाचणी एकच. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला द्यायचं, २ तासांनी साखर बघायची, १४० किंवा त्याच्या वर आली तर मधुमेह. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी ही पद्धत आपल्या देशात रुजवली. तिचं मोठेपण मी रोज बघते. यात उपाशीपोटी यावं लागत नाही. खांडसच्या पलीकडच्या वाडीवरून निघालेली बाई उपाशी राहून सकाळी आठला पोचणार नाही, आणि पोचली तर चक्कर येऊन पडेल. म्हणून ही चाचणी इथे टिकली. पण वजनासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या बाईला तेच पाणी दिलं तर काय होतं? तिच्या जठराचा राहिलेला कप्पा जेमतेम ३० मिलिलिटरचा. ग्लुकोज तिथे थांबतच नाही, थेट आतड्यात उतरतं. धडधड, घाम, मुरडा, उलटी. उलटी झाली तर चाचणी वाया. नाही झाली, तर साखर अर्ध्या-पाऊण तासात वर उसळते, त्याला उत्तर म्हणून शरीर भराभर इन्सुलिन सोडतं, आणि २ तासांनी मी रक्त घेईन तेव्हा आकडा ९० असू शकतो, ६० सुद्धा. कागदावर ती निरोगी. तुमचा आहार सुरूच होणार नाही."

हा आक्षेप आहारतज्ज्ञ पूर्ण मान्य करते. "म्हणूनच अशा शस्त्रक्रियेनंतर ग्लुकोजची चाचणी टाळा, असं २०१९ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन सांगितलं. त्याऐवजी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साधारण आठवडाभर घरी बोट टोचून जेवणाआधी आणि जेवणानंतर साखर मोजायची. उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर १ तासाने १४० च्या खाली. यात १ तासाचा आकडा महत्त्वाचा, कारण तुम्ही म्हणता ती उसळी तिथेच सापडते. जठराची उभी नळी करून बाकीचं जठर काढून टाकतात त्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत त्रास थोडा कमी असतो, पण तिथेही मी बोट टोचण्यावरच भरवसा ठेवीन. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी इथे कामाची नाही. गरोदरपणात आणि रक्तक्षयात ती फसवते, आणि आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच आलं आहे."

"दिवसाला सहा वेळा म्हणजे आठवड्याला ४२ टोचण्या," परिचारिका हिशेब मांडते. "पट्ट्यांचं ५० चं पाकीट जवळजवळ संपलं. ते कोणी आणायचं, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न याहून अवघड. शस्त्रक्रिया झाल्याचं ती मला सांगतच नाही. मी पोट तपासते तेव्हा त्यावर चार-पाच बारीक वण दिसतात, बोटाच्या पेरापेक्षा लहान. 'हे कशाचं गं?' म्हटलं की उत्तर येतं, पित्ताशयाचं. सासू शेजारी उभी असते. शस्त्रक्रिया लग्नाआधी मुंबईला किंवा नवी मुंबईला झालेली, माहेरच्यांनी केलेली, सासरी कुणाला ठाऊक नाही. मुलगी जाड होती हेच लपवायचं होतं, तर पोट लहान करून घेतलं हे कोण सांगेल? अशा घरात ती ४२ वेळा बोट टोचून घेणार कुठे, न्हाणीघरात?"

आहारतज्ज्ञ क्षणभरही हे झटकून टाकत नाही, मात्र त्यातून वेगळा निष्कर्ष काढते. "मग विचारायची रीत बदलायला हवी. सासूला बाहेर बसवून विचारा, आणि 'ऑपरेशन झालंय का' एवढ्यावर न थांबता 'वजनासाठी काही केलं होतं का' असं स्पष्ट विचारा. अशा बायका वाढणार आहेत. ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत बायका जास्त, आणि त्यातल्या पुष्कळ मूल होण्याच्या वयातल्या. वजन उतरलं की पीसीओडीमुळे थांबलेली पाळी सुरळीत होते, बीज सुटायला लागतं, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातील याची खात्री नसते. १२ ते २४ महिने दिवस राहू देऊ नका, असा सल्ला असतो, पण वर्षाच्या आतच पाळी चुकलेली बाई दारात उभी राहू शकते. वजन अजून उतरतंय, शरीरातले साठे रिकामे आहेत, आणि पोटात बाळ. तिला मी 'कमी खा' कशी म्हणू? मधुमेहाचा नेहमीचा छापील तक्ता तिच्या हातात देणं हीच घोडचूक होईल. माझा आहार म्हणजे उपासमार नाही, हे इथे सांगून ठेवते."

मग तो आहार नेमका काय, हे ती ताट मांडून दाखवावं तसं सांगते.

"दिवसातून सहा वेळा थोडं-थोडं खायचं. प्रत्येक वेळी आधी प्रथिन, मग भाजी, आणि शेवटी भाकरी किंवा भात. पाणी जेवणासोबत नाही, अर्ध्या तासाने. सरबत, गोड चहा, उसाचा रस बंद, कारण पातळ गोड पदार्थ तिच्या पोटात थांबत नाहीत. इथेच एक गैरसमज खोडून काढते. नाचणी चांगली म्हणून घरोघर तिची आंबील पाजतात, आजारपणात तांदळाची पेज देतात. धान्य तेच असलं तरी बारीक दळून, शिजवून, पातळ केलं की या बाईच्या आतड्यात ते साखरेच्याच वेगाने पोचतं. तिला नाचणीची भाकरी द्या, चावून खाण्याजोगी, आणि तीही चतकोर-चतकोर. आता वाल घ्या. रात्रभर भिजवायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. त्या बिरड्यात प्रथिन आहे, साल निघाल्यामुळे ते लहान पोटाला सोसतं, आणि साखर हळू चढते. तिला दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिन हवं. दोन अंडी १२, मूठभर वालांचं बिरडं ७, मासळीचा बरा तुकडा १५, दोन वाट्या दही ६, मूठभर शेंगदाणे ७, वरण ५, नाचणीची दीड-दोन भाकरी दिवसभरात मिळून ४. झाले ५६. ६० च्या दारात आपण पोचलो, आणि सगळं कर्जतच्या बाजारात मिळणारं."

परिचारिका आकडे मन लावून ऐकते. "यातली अंडी आणि मासळी काढा बरं," ती म्हणते. "श्रावण आला की महिनाभर दोन्ही बंद. मार्गशीर्षात गुरुवार. मधे संकष्टी, एकादशी. ५६ तले २७ गेले, राहिले २९. आणि उपासाला ताटात येते साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. प्रथिन काय ते दाण्याच्या कुटातलं. मॅडम, तुमचं ताट खोटं नाही. पण ते ताट त्या बाईचं नाही, ते घराचं आहे. वाल सोलायला तासभर कोण बसणार? तीच. घरात आधी कोण जेवणार? बाकीचे सगळे. दोन अंडी फक्त सुनेसाठी उकडली तर त्याची चर्चा होते. त्यातून ती चार घासांत थांबली की 'दोन जिवांची आहेस, खा' म्हणून पुढे भात वाढतात. भात टाकवत नाही, गिळवत नाही, मागल्या दारी जाऊन उलटी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, पाच प्रकारची पक्वान्नं मांडलेली, आणि ओटी भरणारी प्रत्येक बाई एक घास भरवणार. तुमचा सल्ला तिच्या कानावर पडतो. तो पाळायचा अधिकार तिच्याकडे नसतो."

"म्हणून आहार सोडून द्यायचा?" आहारतज्ज्ञ विचारते. "इथे मला मुंबईतला एक अभ्यास पुढे ठेवायचा आहे. वांद्र्याच्या सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज या संस्थेने, डॉ. रमेश पोतदारांच्या पुढाकाराने, २००६ पासून काही वर्षं वस्त्यांमधल्या साडेसहा हजार बायकांसोबत काम केलं. निम्म्या बायकांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला एक खाऊ दिला, दिवस राहण्याच्या आधीपासून. उरलेल्यांना बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्यांचा. २०१६ मध्ये निष्कर्ष आला की पहिल्या गटात गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के होता, दुसऱ्या गटात १२.४. एक खाऊ, सिस्टर! गोळी नाही, सुई नाही. या बायकांची शस्त्रक्रिया झालेली नव्हती, हे मला मान्य. पण अन्नात किती ताकद आहे याचा आपल्याच भाषेच्या मुलखातला याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही."

परिचारिकेला हा पुरावा मान्य आहे, मात्र त्यातली दुसरी गोष्ट तिला अधिक बोलकी वाटते. "तो खाऊ घरात शिजला नाही. बायकांना तो केंद्रावर बोलावून, डोळ्यांसमोर खायला दिला. घराच्या चुलीला आणि वाढपाच्या रांगेला बगल दिली, म्हणून तो तिच्याच पोटात गेला. आणि तुम्हीच सांगितलंत, दिवस राहण्याआधीपासून. बाळाचं वजन वाढलं तेही आधी किमान ३ महिने खाऊ खाल्लेल्या बायकांमध्येच. आमच्याकडे ही बाई येते पाचव्या-सहाव्या महिन्यात. तिला मी 'आहार सांभाळा' एवढं सांगितलं, तर उपचार दिला की जबाबदारी ढकलली? पुढे साखर वाढली की घरचे म्हणणार, हिने पथ्य पाळलं नाही. 'आहाराने होईल' या वाक्याची ही बाजू मला खटकते. गोळी लागू पडली नाही तर दोष गोळीचा असतो. आहार लागू पडला नाही तर दोष बाईचा."

आहारतज्ज्ञ लगेच उत्तर देत नाही. मग आपल्याच बाजूतली सगळ्यात मोठी भीती ती स्वतःहून पुढे ठेवते.

"याहूनही मोठा धोका मी सांगते. समजा तिने सगळं पाळलं आणि आकडे सुंदर आले. उपाशीपोटी ८०, जेवणानंतर ११०. मी खूश व्हायचं? स्वीडनमधला अभ्यास २०१५ साली आला. शस्त्रक्रियेनंतरची ५९६ बाळंतपणं, आणि तुलनेला, शस्त्रक्रियेआधी त्यांचं होतं तितक्याच वजनाच्या पण शस्त्रक्रिया न झालेल्या बायका. मधुमेह ६.८ टक्क्यांवरून १.९ वर आला. अवाजवी मोठी बाळं २२.४ टक्क्यांवरून ८.६ वर. इथवर आनंद. पण खुरटलेली बाळं ७.६ टक्क्यांवरून १५.६ वर गेली, म्हणजे दुप्पट. साखर उत्तम आहे आणि बाळ उपाशी आहे, या दोन्ही गोष्टी एकाच पोटात एकाच वेळी खऱ्या असू शकतात. चांगला आकडा हा कधीकधी न खाल्ल्याचा आकडा असतो. म्हणून मी साखरेची वही एकटी वाचत नाही. तिच्याशेजारी तिचं वजन, दिवसभराचं प्रथिन आणि सोनोग्राफीतली बाळाची वाढ ठेवते."

"आता आपण जवळ आलो," परिचारिका म्हणते. "आणि लहान बाळ म्हणजे फक्त लहान बाळ नाही, हे घाट चढून गेलं की पुण्यातच सिद्ध झालेलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं पाहिली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी. हातपाय काटकुळे, पण चरबी त्या मानाने टिकलेली. बारीक दिसणारी, आतून मेद धरलेली बाळं, पुढे मधुमेहाकडे झुकणारी. त्याच गावांत दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी निघालं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं अधिक होती. आता बायपास झालेल्या बाईचा विचार करा. जठर वगळल्यामुळे अन्नातलं बी-१२ तिला धड शोषताच येत नाही. आम्ही तिला लोह आणि फोलिक ॲसिडची लाल गोळी देतो. बी-१२ त्यात नाही. म्हणजे पुण्यात जे दिसलं, ते आपण आपल्या हाताने घडवतो की काय?"

"म्हणून तिला बी-१२ चं इंजेक्शन हवं, प्रत्येक तिमाहीत रक्ततपासणी हवी, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत २ तासांचं अंतर हवं," आहारतज्ज्ञ जोडते. "इथे आहार अपुरा पडतो, हे मी निर्विवाद मानते. वालाच्या बिरड्याने बी-१२ येणार नाही."

परिचारिका आता एक अवघड प्रश्न उभा करते. ज्या तालुक्यात कातकरी वाड्यांवरच्या गरोदर बायका पुरेसं खायला मिळत नाही म्हणून अशक्त आहेत, तिथे पैसे भरून पोट लहान करून घेतलेल्या मोजक्या बायकांसाठी एवढी यंत्रणा उभी करायची का? पट्ट्या, इंजेक्शनं, आहारतज्ज्ञ आधी कोणाच्या वाट्याला यावेत?

आहारतज्ज्ञाच्या मते हा प्रश्न रास्त आहे, पण त्यातली विभागणी खोटी आहे. "वाडीवरची बाई आणि बायपासवाली बाई यांची कारणं दोन टोकांची. एकीला अन्न मिळालं नाही, दुसरीला ते घेता येत नाही. पण तपासणीच्या टेबलावर दोघींच्या यादीत तेच शब्द येऊ शकतात: रक्तक्षय, बी-१२, थोडं प्रथिन, लहान बाळ. बारीक अंगाच्या बाईला मधुमेह होत नाही हेही खरं नाही. तुम्ही सांगितलेल्या पुण्याच्या कामानेच ते शिकवलं. साखरेसोबत बाळाची वाढ आणि आईचं पोषण एकत्र वाचायची सवय एकीसाठी लावून घेतली, तर ती दुसरीच्याही उपयोगी पडेल."

"सवय लागेल. पण निर्णय कोण घेणार?" परिचारिका सोडत नाही. "तुमच्या त्या वहीत एक बाई घ्या. ३० वा आठवडा. जेवणानंतर १ तासाने साखर १५५. सोनोग्राफीत बाळ वयापेक्षा लहान. सरकारी सूचना म्हणतात, २ आठवडे आहार बघा, मग औषध. तुम्ही भाकरी आणखी कमी केली तर बाळ आणखी उपाशी. मेटफॉर्मिन दिलं तर ते बी-१२ आणखी खाली नेऊ शकतं, आणि ते घेतलेल्या आयांची बाळं सरासरी थोडी हलकी भरल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. इन्सुलिन दिलं तर जिची साखर २ तासांनी आपोआपच घसरते, तिची रात्री किती घसरेल? आणि ती घसरली की घरचे ग्लुकोजचं पाणी पाजणार, पुन्हा उसळी, पुन्हा घसरण. शस्त्रक्रिया करणारे सर्जन मुंबईला, प्रसूतीतज्ज्ञ इथे, तुम्ही पनवेलला, आणि रात्री दोन वाजता तिच्याजवळ वाडीवरची आशाताई. मी म्हणते, या बाईच्या बाबतीत २ आठवडे फार झाले. एका आठवड्यात आकडे हलले नाहीत तर थोडं इन्सुलिन सुरू करून तिला पोटभर खाऊ द्या. सुईने भाकरी परत मिळत असेल तर सुई ही शिक्षा नाही."

आहारतज्ज्ञ इन्सुलिनला नकार देत नाही. तिचा विरोध घाईला आहे. "एका आठवड्यात तर घर समजत नाही. पहिले चार दिवस ती वही घाबरून भरते, खरं खाणं लिहीत नाही. तुम्ही १५५ बघून सुई द्याल, आणि तो आकडा नाचणीच्या भाकरीचा नसून सासूने प्रेमाने पाजलेल्या आंबिलीचा निघेल. आंबील बंद करून तेवढीच नाचणी भाकरीतून आणि बिरड्यानंतर दिली, तर तोच आकडा १३० वर येऊ शकतो, एक घासही कमी न करता. तो दुसरा आठवडा मला शोधासाठी हवा. पण तुमची अट मी घेते. या दोन आठवड्यांत तिचं वजन घटलं किंवा बाळाची वाढ अडली, तर मी आहाराचा हट्ट धरणार नाही."

"आणि बाळाची वाढ अडली हे दोन आठवड्यांच्या अंतराने केलेल्या सोनोग्राफीशिवाय कळत नाही," परिचारिका दाखवून देते. "तोवर दिवस गेलेले असतात."

या दोन आठवड्यांवर दोघींचं जमत नाही. साखर एकटी वाचायची नाही, शस्त्रक्रियेची नोंद गरोदर मातेच्या कार्डावर असायलाच हवी, यावर मात्र जमतं. तरी त्या नोंदीतूनच पुढचा वाद निघतो. कार्ड घरात पडलेलं असतं, ते सासरचं कुणीही वाचतं. आहारतज्ज्ञ म्हणते, जिवाचा प्रश्न आहे, लिहाच. परिचारिका म्हणते, आधी त्या बाईला विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला मातृत्व अभियानाच्या तपासणीला रांग लागते, त्या रांगेत तिला एकटीला पाच मिनिटं बाजूला घेता येतील का, यापासून सुरुवात करावी लागेल, आणि तिने लिहू नका म्हटलं तर काय करायचं, याचं उत्तर दोघींकडे अजून वेगवेगळं आहे.